कढई कुणाची?

माझ्या नवऱ्याच्या केसात दुसऱ्या बाईची कढई सापडली, आणि ती शोधून काढली मी स्वतः, पगार घेऊन.

हसा, हसा. मीही हसले असते, दुसऱ्या कुणाचा नवरा असता तर.

मी वृषाली ऐनापुरे. मिरजेत डॉ. गुळवणींच्या तपासणी केंद्रात यंत्रं चालवते. आमचं गाव दवाखान्यांचं. इथं माणूस शिंकला तरी चार रिपोर्ट घेऊन घरी जातो. त्यामुळे तपासण्यांचं मला अप्रूप नाही. पण लोहमाग हे यंत्र आमच्याकडे आलं आणि माझ्या घरात घुसलं.

आधी पायांचं सांगते, कारण सगळं रामायण तिथून सुरू झालं. दिवस कलला, माणूस जरा टेकला, की पोटऱ्यांच्या आत काहीतरी सुरू होतं. दुखत नाही, खाजत नाही. मुंग्याही नव्हेत. मुंग्या कातडीवरून चालतात, हे हाडाजवळून चालतं. पाय हलवला की थांबतं, ठेवला की पुन्हा सुरू. उठून फेऱ्या मारल्या तरच बरं वाटतं, आणि रात्रभर फेऱ्या मारायला माणूस काय गुरखा आहे? डॉक्टरांकडे याला लांबलचक नाव आहे. आमच्याकडे म्हणतात, पाय शिवशिवतात. ज्याला होतं त्याला हाच शब्द पटतो.

कारणं एक का दोन! मूत्रपिंडं थकली की होतं, साखरेनं नसा बिघडल्या की होतं, पोटुशी बाईला होतं. सर्दीच्या काही गोळ्यांनी वाढतं, मन शांत ठेवायच्या काही गोळ्यांनीही वाढतं. आईबापाकडूनही येतं. पण या सगळ्यांत मोठा चोर म्हणजे लोह, म्हणजे लोहाचा अभाव. आपल्या मेंदूत डोपामिन नावाचं रसायन असतं, हालचालींचा लगाम त्याच्या हातात. ते तयार करायला लोह लागतं. संध्याकाळनंतर डोपामिन तसंही उतरतं. त्यात लोहाचा साठा आटलेला असला, की लगाम सुटतो आणि पाय आपल्या मनाचे राजे होतात.

हे पूर्वीही होतंच. पण आता, सन अठ्ठेचाळीस उजाडेपर्यंत, घरटी एकाला तरी व्हायला लागलं. हवेत कार्बन डायऑक्साइड वाढला तशी पिकं तरारून आली. कणसं मोठी, दाणे टपोरे. सगळे खूश. नंतर कळलं की दाण्यात पीठ भरपूर आणि लोह कमी. गव्हात कमी, तांदळात कमी, डाळीत कमी. त्यातच आपण शहाण्यांनी लोखंडी तवे-कढया मोडीत काढल्या आणि काचेचा लेप दिलेली भांडी आणली. का, तर घासायला सोपी. गोळ्या घ्या म्हणाल, तर माझ्या पोटाला त्या सोसत नाहीत. सुईतून देतात ते लोह गरोदर बायकांसाठी राखून ठेवलेलं. आमच्यासारख्यांनी रांगेत राहायचं आणि पाय झाडत बसायचं.

धैर्यशीलचे आणि माझे, दोघांचेही पाय शिवशिवायचे. आमचं लग्न उशिराचं. माझं पहिलं, त्याचं दुसरं. पहिलीशी त्याची फारकत झाली ती भांडणतंटा न होता. कोर्टाच्या व्हरांड्यात त्यानं तिला पाण्याची बाटली दिली, तिनं त्याला छत्री दिली आणि झाले वेगळे. हे त्यानंच मला कौतुकानं सांगितलं होतं. मला ते फार लागलं होतं. भांडून गेलेली बाई परवडते हो, छत्री देऊन गेलेली परवडत नाही.

पण पाय शिवशिवायला लागले आणि आमचं जमलं. जेवणं झाली की आम्ही दोघं गच्चीवर फेऱ्या मारायचो. मी केंद्रातल्या गमती सांगायची, तो दुकानातल्या. सतारी दुरुस्त करतो तो, किल्ल्याजवळच्या गल्लीत. एरवी तोंडातून शब्द काढायला पक्कड लागते, पण फेऱ्या मारताना बोलायचा. मला वाटायचं, देवानं हा आजार आमचा संसार मांडायलाच दिलाय.

आणि मागच्या दिवाळीनंतर त्याचे पाय शांत झाले.

आधी तो उगाच माझ्यासोबत गच्चीवर यायचा. मग जांभया द्यायला लागला. मग म्हणाला, "तू ये जाऊन, मी पडतो जरा." आणि पडला की घोरायला लागला! मी वर एकटी फेऱ्या मारतेय आणि खाली हा घोरतोय. कुणाला आपल्या माणसाच्या झोपेचा हेवा वाटला असेल तर हात वर करा. मला वाटायचा. एकाच ताटातलं जेवतो आम्ही, मग हा बरा आणि मी तशीच, हा कुठला न्याय?

अशात लोहमाग आलं.

डॉ. गुळवणींनी आम्हा सगळ्यांना बसवून समजावलं. लोहाचे अणू चार प्रकारचे असतात, काही हलके, काही जड. कुठल्या मातीतलं लोह, कुठल्या भट्टीतलं, त्यावर या चौघांचं मिश्रण केसभर बदलतं. शिवाय प्रत्येक लोखंडात आणखी दोन-चार धातूंची भेसळ असते, तीही वेगवेगळी. यंत्र ते सगळं मोजतं आणि सांगतं की तुमच्या अंगातलं लोह आलं कुठून. पालेभाजीतून, गोळीतून की भांड्यातून. त्यासाठी केस लागतो. केस महिन्याला बोटाच्या पेराच्या निम्म्याहून कमी वाढतो, म्हणून मुळापासून टोकापर्यंत मोजत गेलं की कुठल्या महिन्यात काय खाल्लं तेही दिसतं.

"आधी आपल्याच घरांपासून सुरुवात करू," डॉक्टर म्हणाले. "प्रत्येकानं घरच्यांचे केस आणा, आणि स्वयंपाकघरातल्या प्रत्येक भांड्याची थोडी खरवड. विळी, अडकित्ता, खलबत्ता, काही सोडू नका."

मी काहीच सोडलं नाही. उलथनंसुद्धा खरवडलं.

माझा निकाल लागला तो मला ठाऊकच होता. साठा तळाला. वर डॉक्टरांनी कान उपटले. "जेवल्याजेवल्या चहा पिता ना वृषालीताई? आहे तेवढं लोहही चहा अडवतो." मग धैर्यशीलचा निकाल पडद्यावर आला. साठा भरलेला. दिवाळीपासून चढत चढत गेलेला. उगम: ओतीव लोखंडाचं भांडं, नेहमीच्या वापरातलं, आंबट पदार्थ शिजवलेलं. आणि खाली एक ओळ: दिलेल्या नमुन्यांपैकी एकाही भांड्याशी जुळत नाही.

मी यंत्र पुन्हा चालवलं. तेच. दुसरा केस घातला. तेच.

डॉक्टर मागून डोकावले. "अरे वा! ही कुठली हो कढई? एवढं चांगलं लोह आख्ख्या केंद्रात कुणाचं नाही. उद्या घेऊन या की, सगळ्यांना दाखवू."

"आणते की," मी म्हणाले.

घरी जाताना डोक्यात एकच चक्र. हा सकाळी माझ्यासमोर पोहे खातो. रात्री माझ्यासमोर भाकरी खातो. उरलं दुपारचं. दुपारी माझा डबा असतो, रोज पहाटे उठून केलेला, आणि रोज तो रिकामा होऊन, वर धुऊन घरी येतो. धुऊन! लग्न झाल्यापासून या माणसानं घरात एक चमचा विसळला नव्हता, आणि मी खुळी कौतुक करत होते की बाहेर तरी सुधारला.

थेट विचारलं असतं तर त्यानं ओठ शिवून घेतले असते. म्हणून मी सापळा लावला. दुसऱ्या दिवशी दोडक्याच्या भाजीत मुद्दाम मूठभर मीठ जास्त घातलं. जनावरानंही तोंड लावलं नसतं. संध्याकाळी डबा आला. रिकामा, धुतलेला.

"भाजी कशी होती?" मी विचारलं.

"मस्त," तो चपला काढत म्हणाला.

मी दात आवळून कणीक मळली. त्याच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी हा आला, डबा ओट्यावर ठेवला आणि सहज म्हणाला, "अगं, काल मीठ जरा जास्त झालं होतं हं भाजीत."

काल! माणसाच्या जिभेला मीठ दुसऱ्या दिवशी लागतं का? म्हणजे खाल्लं कुणी दुसऱ्याच तोंडानं, आणि निरोप आणला यानं. माझ्या हातचं खाणारी कुणीतरी होती आणि त्याला खाऊ घालणारीही कुणीतरी होती. एका वेळी दोन-दोन बायका की काय? माझं डोकं भणाणलं.

त्यानंतरच्या दुपारी मी केंद्रात सांगितलं की पोट बिघडलंय. ते खोटंही नव्हतं. सतारीच्या दुकानासमोर रसवंती आहे, तिथं तोंडाला ओढणी बांधून बसले. ऑक्टोबरचं ऊन मी म्हणत होतं. जेवायच्या सुट्टीत हा बाहेर पडला, हातात माझा डबा, आणि चालला गल्लीच्या आत. घाई नाही, चोरटेपणा नाही. कुणी आपल्याच घरी जावं तसा गेला. मला सगळ्यात जास्त ते झोंबलं. एका निळ्या दारात शिरला. कडी वाजवलीसुद्धा नाही.

दाराशेजारी पाटी होती. वैजयंती हेरवाडे, गणित-विज्ञान शिकवणी.

छत्रीवाली! धैर्यशील तिला वैजू म्हणतो. तिचं नाव निघालं की आवाज खाली येतो. मला काय म्हणतो? "अगं." सात जन्मांची बायको आणि नावसुद्धा नाही मला!

मी दार ढकललं.

आत जे दिसलं ते मी कल्पना केली होती तसं नव्हतं. जेवणाच्या टेबलाच्या एका बाजूला धैर्यशील, ताटात काळीभोर वांग्याची भाजी. मधे काळी, जाड बुडाची कढई. आणि समोर ती. केस पिकायला लागलेले, चष्मा, अंगावर साधा कुडता. तिच्या पुढ्यात माझा डबा उघडा होता आणि ती माझी मटकीची उसळ डोळे मिटून खात होती.

धैर्यशीलचा घास हातातच राहिला. "अगं, तुला वाटतंय तसं काही नाही."

"तसं असतं तर बरं झालं असतं!" मी ओरडले. "तसं असतं तर शिव्या घालून मोकळी झाले असते. हे काय चालवलंयस? माझा डबा हिला आणि हिची कढई तुला?"

"बसा ना," वैजयंती उभी राहत म्हणाली.

"बसायला आले नाहीये मी. कढई कुठली ही?"

तिला प्रश्नच कळला नाही. "ही? मिरजेच्या बाजारातली. आम्ही..." ती थांबली.

"आम्ही काय? बोला की."

"आम्ही दोघांनी घेतली होती. लग्नानंतर लगेच."

म्हणजे माझ्या नवऱ्याच्या रक्तात त्याचा पहिला संसार विरघळत होता, रोज दुपारी, चिंच घालून! त्या क्षणी ती कढई उचलून खिडकीबाहेर भिरकावायला माझे हात शिवशिवले. जड होती म्हणून वाचली.

"मी सांगतो," धैर्यशील म्हणाला. "हिची आई गेली मागच्या वर्षी. ही जेवेचना. बाजारात दिसली तर ओळखू येईना मला. घरी आलो तर एकटीपुरतं शिजवून ठेवलेलं, तसंच पडलेलं. माझ्याकडे तुझा डबा होता, तो दिला. आणि हिचं वाया जाऊ नये म्हणून ते मी खाल्लं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मग तीच सवय पडली."

"आणि मला सांगायला काय झालं होतं?"

"सांगितलं असतं तर डबा बंद केला असतास."

केला असता. लगेच केला असता. पण ते त्याच्या तोंडून ऐकायचं नव्हतं मला.

"माझ्या हातचं मलाच गिळवत नाही हो," वैजयंती हळूच म्हणाली. "शिजवते, हाताची सवय सुटत नाही म्हणून. पण खाते ते तुमचंच. मी रोज सांगून पाठवायचे यांच्याजवळ. मुगाच्या डाळीला ती लसणीची फोडणी, भोपळ्याच्या घाऱ्या, गेल्या आठवड्यातली अंबाडी. अंबाडी तर अशी झाली होती, मी दोन ओळींची चिठ्ठीच लिहिणार होते. पोचलं ना सगळं?"

मी धैर्यशीलकडे पाहिलं. तो कढईकडे पाहत होता.

"नाही पोचलं," मी म्हणाले. "मीठ जास्त झालं तेवढं पोचलं. वर्षभर कौतुक गिळलंस रे धैर्या? आणि मीठ तेवढं माझ्यापर्यंत आणलंस? मी पहाटे उठून कुणासाठी मरत होते, तुझ्या 'मस्त'साठी?" आणि माझा आवाज फुटला. नवऱ्यानं परक्या बाईकडे जेवावं याचं रडू मला आलंच नव्हतं. रडू आलं ते अंबाडीचं. माझ्या अंबाडीला जगात कुणीतरी एवढं म्हणालं होतं आणि मला पत्ताच नव्हता.

मी डोळे पुसले आणि राग शिल्लक होता तो धैर्यशीलवर काढला. "आणि तुझे पाय कशानं बरे झाले माहितीये? या कढईनं. यंत्रात आलंय. घरात माझे पाय तळमळतात आणि तू इथं लोखंड खाऊन घोरायला येतोस!"

त्याचा चेहरा पडला. त्याला खरंच ठाऊक नव्हतं, ते मला दिसलं. "म्हणजे तुझेही बरे झाले असते... नुसत्या कढईनं?" तो म्हणाला आणि ताटावरचा हात त्यानं मागे घेतला.

तेवढ्यात माझी नजर टेबलाखाली गेली. वैजयंतीचा पाय. टाच उचलते, टेकवते, उचलते. मग दुसऱ्या पायाच्या नडगीनं पोटरी घासते. मग पुन्हा टाच. दिवसाढवळ्या. ही हालचाल मी झोपेतही ओळखली असती.

"हे कधीपासून?" मी विचारलं.

ती दचकली. "काय? पाय होय? झाले काही महिने. संध्याकाळी फार होतं. मुलांना शिकवताना बसवतच नाही. आता दुपारीसुद्धा... दुखत नाही हो, पण आत कसंसंच. कसं सांगू?"

"शिवशिवतात."

"अगदी! हाच शब्द. मला वाटलं आई गेल्याच्या काळजीनं होत असेल. तुम्ही तिथं तपासणीत असता ना? कशानं होतं हे?"

मला माहीत होतं. त्या खोलीत फक्त मलाच माहीत होतं. या बाईच्या घरात सबंध मिरजेत नाही एवढं लोह चुलीवर शिजत होतं, आणि ते ती माझ्या नवऱ्याला वाढून स्वतः माझं निर्लोह अन्न खात होती. काचेच्या लेपाच्या भांड्यातलं, नव्या गव्हाचं, नव्या डाळीचं. माझा आजार मी रोज डब्यात भरून तिच्याकडे पाठवला होता. वर्षभर.

खरं सांगते, पहिल्यांदा मला बरं वाटलं. फार बरं वाटलं. म्हटलं, भोग. छत्री देतेस काय! गप्प बसायचं फक्त, बाकी काहीच करायला नको. "काळजीनंच होत असेल, कमी होईल," एवढं म्हणायचं आणि उठायचं. डबा चालू ठेवायचा. तिनं संध्याकाळभर घरभर फिरावं, मी गच्चीवर फिरते तशी. वाक्य जिभेवर आलंही होतं.

पण ती माझ्याकडे बघत होती, आणि एक हात माझ्या डब्याच्या कडेला होता. आत शेवटचे दोन घास राहिले होते. ते ती मी असताना खायला लाजत होती, आणि सोडवतही नव्हते तिला.

"माझ्यामुळे होतं," मी म्हणाले. "माझ्या जेवणात लोह नाही. दाण्यात नाही, भांड्यातही नाही. तुमच्या पायांना झालंय ते माझ्या हातचं खाऊन झालंय. आजपासून हा डबा सोडा आणि स्वतःच्या कढईतलं खा. दोन-चार महिन्यांत उतरेल."

मला वाटलं, ती डबा माझ्याकडे सरकवेल. तिनं तो जवळ ओढला.

"मी नाही सोडणार," ती म्हणाली. गणित शिकवणारी बाई, आणि लहान पोरीसारखा हट्ट! "शिवशिवू देत पाय. वर्षभर घास उतरला तो याच्यामुळे. तुम्ही काय वाट्टेल ते म्हणा वृषालीताई, पण डबा बंद करू नका."

वृषालीताई म्हणाली. नाव होतं तिच्याजवळ माझं.

"बंद करते म्हटलं का मी?" मी खेकसले. "पण हा आणणार नाही तो. मी आणीन. आणि उसळ या कढईत परतून घ्यायची, लिंबू पिळून. चहा लगेच प्यायचा नाही, दोन तास."

"बरं," ती म्हणाली.

"ऊठ रे," मी धैर्यशीलला म्हणाले.

तो उठला. मी त्याच्या खुर्चीवर बसले आणि त्याचं ताट माझ्यापुढं ओढलं. वांग्याची भाजी गार झाली होती, भाकरीही.

"मग मी काय जेवू?" त्यानं विचारलं.

"तुझं पोट भरलंय वर्षभराचं. जा दुकानात."

तो दारात घुटमळला. एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे. दोघींपैकी कुणीच त्याला थांब म्हणालं नाही. मग चपलांचा आवाज गल्लीत लांब गेला.

वैजयंतीनं खाली मान घालून माझी उसळ संपवली, बोटं चाटली. मी घास मोडला. भाजी काळी पडलेली, चवीला थोडी तुरट, चिंच जरा पुढंच. दुसरा घास घेतला, मग तिसरा. चांगली झाली होती मेली.